मामांचं ऑडिट आणि माझा कॅश फ्लो

गेल्या रविवारी माझ्याच फ्लॅटच्या माझ्याच बाथरूममध्ये एका परक्या गृहस्थांनी मला बादली धरून उभं केलं. ते स्वतः मनगटावरचं घड्याळ बघत होते. "सोडा," म्हणाले. मी नळ सोडला. बादली भरायला जो काय वेळ लागला तो त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लिहिला आणि "हं" म्हणाले. त्या "हं"चा राग अजून उतरलेला नाही.

फ्लॅट भांडुपला, वन बीएचके. ऑफिसातल्या पोरांनी "दुसरं घर घ्या, भाड्यावर हप्ता फिटतो, कॅश फ्लो सुरू" असं इतकं डोकं खाल्लं की घेतला. ब्रोकर फोनवर म्हणाला होता, "साहेब, पार्टी एकदम फॅमिली आहे." फॅमिली म्हणजे नवं लग्न झालेलं जोडपं. ती दोघं गॅलरीत उभी राहून मोबाइलवर पडद्यांचे रंग बघत होती. व्यवहार बघायला मुलाचे मामा. ऑडिट खात्यातून निवृत्त.

मामांनी भिंती ठोकून पाहिल्या, फ्लश ओढला, बंद खिडकीतून ट्रेनचा आवाज किती येतो ते ऐकलं. मग हॉलच्या फरशीवर मांडी घातली आणि मलाही समोर बसवलं.

"मालक, केवढ्याला घेतला?"

हे भाडेकरूने विचारायचं नसतं. पण एकदा बादली धरली की माणसाची पत राहत नाही. मी सांगितलं, "सगळं धरून ८५ लाख."

"कर्ज?"

"५० लाख. साडेआठ टक्क्यांनी. वीस वर्षं."

"म्हणजे हप्ता ४३ हजारांच्या वर. आणि भाडं मागताय २४." पाकिटावर पेन सरसर चालू लागलं. "वर्षाचे २ लाख ८८ हजार. मेंटेनन्स महिना ४ हजार, ४८ गेले. ब्रोकरला एक महिना, २४ गेले. उरले २ लाख १६. ८५ लाखांवर अडीच टक्के. अहो, एफडीत टाकले असते तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दुखवट्याला आलेल्या माणसाने ठेवावा तसा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जागेचे भाव वाढतात ना," मी म्हटलं.

"ते विकाल तेव्हा. विकणार आहात?"

"नाही."

"मग?"

मला वाटलं, एवढं कळल्यावर मामा निदान घासाघीस तरी करणार नाहीत. ते म्हणाले, "तर मग २२ करा."

"का?"

"तसाही तुमचा तोटाच आहे की. महिन्याला वीसेक हजार खिशातून घालताच आहात, त्यात अजून दोनांनी काय बिघडतंय?"

याला उत्तर काय द्यायचं? रात्री अंथरुणात एक सुचलं होतं, सकाळी तपासलं तर ते त्यांच्याच बाजूचं निघालं.

पुढे नळ. मामांचं म्हणणं, सगळे नळ बदला. "भाड्याच्या उत्पन्नातले ३० टक्के सरकार तुम्हाला सरसकट सोडतं, दुरुस्ती करा नाहीतर नका करू. आता सोडलेच आहेत तर करा." मग त्यांनी मेंटेनन्सचं बिल मागितलं आणि त्यात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवर, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते त्या आकारावर, बोट ठेवलं. "१ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक आहे. सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के, त्याहून जास्त नाही. तुमची सोसायटी अख्ख्या बिलावर लावतेय. परत मागा." मला जरा बरं वाटलं. दिवसभरात कोणीतरी पहिल्यांदा माझ्या बाजूने बोललं होतं. "आणि मिळाले," मामा म्हणाले, "की भाड्यातून वळते करा."

आता सोसायटीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आमच्या बिल्डिंगमध्ये घर भाड्याने देणारा सभासद म्हणजे जामिनावर सुटलेला आरोपी. भाडेकरूचे फोटो द्या, एनओसीसाठी अर्ज करा, पोलीस व्हेरिफिकेशनची प्रत आणा, सामान चढवायचं तर लिफ्टचे वेगळे पैसे भरा. वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या फ्लॅटांकडून यातलं काही नाही. माणसं राहायला आणली की आकार! त्यातून लग्न न झालेला मुलगा आणा, सेक्रेटरी कारणसुद्धा देत नाहीत, नुसती मान हलवतात. दोन चांगली पोरं अशी परत गेली आणि फ्लॅट रिकामा राहिला. त्या महिन्यांचा हप्ता बँकेने माझ्याकडूनच घेतला, सेक्रेटरींकडून नाही. असो.

शेवटी मीच विचारलं, "मामा, तुम्ही कुठे राहता?"

"गिरगावात. पागडीची खोली, जुन्या भाड्याची."

"भाडं?"

"असेल दोनशेच्या आसपास. पण मालक काही करत नाही हो. पावतीसुद्धा मागून घ्यावी लागते."

मुंबईतली भाडी १९४७ च्या कायद्याने १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ चा कायदा आला, वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. दोनशेवर ४ टक्के म्हणजे आठ रुपये. एक वडापावही येत नाही. आमच्या आजोबांच्या चाळीत मालक स्वतः भाडं न्यायला यायचे. आजी त्यांना आत घेत नसे. गॅलरीतच उभं करून संडासाच्या मोडक्या दाराबद्दल बोलायची, आणि मग गळक्या छपराबद्दल, आणि मग मोजून नोटा द्यायची. आम्ही पोरं कठड्याआडून त्यांच्या काळ्या टोपीला हसायचो. फरशीवर बसल्याबसल्या मी त्यांचा चेहरा आठवून पाहिला. टोपीच आठवली.

२२,५०० वर तुटलं.

बुधवारी एजंट बोटांचं मशीन आणि कॅमेरा घेऊन आला. लिव्ह अँड लायसन्स, ११ महिने. मामा साक्षीदार. त्यांचा अंगठा मशीनने लगेच घेतला, माझा काही घेईना. धुतला, पुसला, पँटवर घासला. "हप्ते भरून भरून रेघा झिजल्या वाटतं," मामा म्हणाले, आणि पडद्यांतून पहिल्यांदाच डोकं वर काढून ती नवी नवरी हसली.

स्टँप ड्युटी साडेसहाशेच्या आसपास, नोंदणी फी १,०००, एजंटचे वेगळे. मी म्हटलं, निम्मं निम्मं करू, रीतच आहे.

"१९९९ च्या भाडे कायद्याचं कलम ५५," मामा म्हणाले. "नोंदणी करून घेणं मालकाचं काम. नाही केलंत तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर ५ हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आम्हाला काही नाही."

मी सगळे भरले. काम मालकाचं असलं तरी खर्चही मालकाचाच असं कुठे लिहिलंय, हे विचारायचं मला खाली टपरीवर सुचलं. तोवर एजंट मोटरसायकलवरून गेलाही होता.

चहाचे पैसे द्यायला मी खिशात हात घातला. मामांनी तो वरच्यावर धरला.

"राहू द्या, मालक. तुमचा हिशोब मी बघितलाय."