राखीव आहे, म्हणून कुलूपबंद आहे

दारावर व्हीलचेअरचे चित्र असलेले स्वच्छतागृह आज पुन्हा कुलूपबंद निघाले आणि त्याची किल्ली ज्यांच्या खिशात असते ते गृहस्थ जेवायला गेले होते. ते येईपर्यंत मी दारासमोर ताटकळत बसलो, आणि शेजारच्या पायऱ्या चढून माणसे विनासायास आत जाऊन येत होती. अखेर कुलूप उघडले तेव्हा आत बादल्या, मोडक्या खुर्च्या आणि कुठल्याशा जुन्या समारंभाचे फलक रचलेले होते. व्हीलचेअर वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती नकाशात होती, बांधकामातही सोडलेली होती, पण तिचे गोदाम झाले होते. आधाराच्या दांडीवर ओली फडकी वाळत होती. व्यवस्थापकांना बोलावले, तर त्यांनी माझ्याकडे न पाहता माझ्या भाच्याला विचारले, "यांना फार घाईची लागली आहे का?" पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या लघवीचा निर्णय त्याच्या भाच्याशी चर्चा करून घ्यायचा असतो, हे मला ठाऊक नव्हते. उघडे ठेवले तर सगळेच वापरतात, म्हणून कुलूप, असा त्यांचा खुलासा. म्हणजे गैरवापर धडधाकट लोकांनी करायचा आणि दार मात्र आमच्या तोंडावर बंद व्हायचे. वर "पुढच्या वेळी निघण्यापूर्वी फोन करत जा," हा सल्ला. माझे मूत्राशय पूर्वसूचना देऊन भरत नाही, हे मी त्यांना आवश्यकतेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितले.

डोके तापलेलेच आहे, तर रॅम्पविषयीही बोलून घेतो. एक फूट चढायचे असेल तर उतार किमान बारा फूट लांब हवा, हे प्रमाण जगभर रूढ आहे आणि त्यासाठी लागणारा गुणाकार शाळकरी मुलालाही जमतो. तरीही तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून तयार केलेल्या घसरगुंडीला रॅम्प म्हटले जाते, आणि तिच्या तोंडाशी हमखास कोणाची तरी दुचाकी उभी असते. अंध व्यक्तींना पायाखाली वाट कळावी म्हणून उंचवटे असलेल्या फरशा जपानमधील ओकायामा येथे 1967 मध्ये प्रथम बसवल्या गेल्या. एवढ्या वर्षांनंतरही माझ्या अंध मैत्रिणीला त्या फरशा थेट एका भल्यामोठ्या कुंडीवर नेऊन आदळवतात. तिने त्याची ऑनलाइन तक्रार करायचे ठरवले, तेव्हा आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करण्यासाठी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे वाचून दाखवण्याची अट समोर आली. जगात दर सहा माणसांमागे एक जण कोणत्या ना कोणत्या अपंगत्वासह जगतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, तरी आम्ही प्रत्येक ठिकाणी अनपेक्षित पाहुणेच ठरतो.

संतापलो की मी वकिलासारखा बोलू लागतो, ही माझी जुनी खोड आहे. आजही अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 13 डिसेंबर 2006 रोजी संमत झाला, 3 मे 2008 पासून तो अमलात आला, त्याच्या नवव्या कलमानुसार इमारतींमधले अडथळे शोधून दूर करणे सरकारांवर बंधनकारक आहे, वगैरे सगळे मी ठणकावून ऐकवले. फक्त तोवर व्यवस्थापक केव्हाच निघून गेले होते आणि माझे व्याख्यान सफाई कामगार ऐकत होता. त्याने ते शांतपणे पूर्ण होऊ दिले आणि मग विचारले, "साहेब, पण या बादल्या मी ठेवू कुठे?" त्याचे सामान ठेवायला साधे कपाटही इमारत बांधणाऱ्याला सुचले नव्हते, त्यामुळे मला उत्तर देता आले नाही.

बाहेर पडताना एका सद्गृहस्थांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून, तुमच्याकडे पाहून जगण्याची प्रेरणा मिळते, असे भरल्या गळ्याने सांगितले. मी नुकताच लघवी करून आलो होतो. त्यात प्रेरणा घेण्यासारखे नेमके काय होते, हे विचारण्याआधीच त्यांनी माझी खुर्ची न विचारता ढकलायला सुरुवात केली, आणि तीही मला जायचे होते त्याच्या बरोबर उलट दिशेने.