काजळीने ओठ लाल होत नाहीत

नोव्हेंबर जवळ आला की नेदरलँड्समधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर झ्वार्ते पीटचा विषय निघतो आणि कुणीतरी लिहितंच, 'त्यांचा सण, त्यांचं ते बघतील, आपल्याला काय करायचंय?' मला हे अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

भारतातल्या मंडळींसाठी: इथे ५ डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलस, मुलांना भेटवस्तू देतो. त्याआधी, नोव्हेंबरच्या मध्यावर, तो आगबोटीतून 'स्पेनहून' येतो आणि पांढऱ्या घोड्यावरून गावात मिरवतो. सोबत बारकी मसालेदार बिस्किटं उधळणारे त्याचे नोकर, झ्वार्ते पीट, म्हणजे काळे पीट. वर्षानुवर्षं हे पीट म्हणजे तोंडाला काळा रंग फासलेले गोरे लोक.

'अहो, तो धुरांड्यातून उतरतो, ती काजळी आहे,' असं डच लोक सांगतात आणि आपले लोकही तेच पुढे सांगतात. जुने फोटो काढून नीट बघा ना एकदा. चेहरा एकसारखा काळाकुळकुळीत. ओठ जाड, लालभडक. डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, कानात सोनेरी रिंगा. आणि गळ्याची झालर? पांढरीशुभ्र, काजळीचा ठिपका नाही!

हा नोकर आला कुठून? यान स्खेंकमन या अॅमस्टरडॅमच्या शिक्षकाने १८५० मध्ये काढलेल्या मुलांच्या पुस्तकात सिंटरक्लासबरोबर काळा नोकर दिसतो. तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत मळ्यांवर माणसं गुलाम होती. गुलामगिरी १८६३ मध्ये बंद झाली, तीही कशी? मालकांना माणशी ३०० गिल्डर भरपाई, आणि सुटलेल्यांपैकी बहुतेकांना आणखी १० वर्षं सक्तीची मजुरी. ती मुदत संपायच्या सुमारास, १८७३ मध्ये, कलकत्त्याहून 'लाला रूख' जहाज करारावरचे हिंदुस्थानी मजूर घेऊन सुरिनामला पोचलं. त्या मजुरांचे वंशज आज हेगमध्ये आपल्याच किराणा दुकानात रांगेत पुढे उभे असतात. मग 'आपल्याला काय' म्हणायला तोंड कुठे उरतं?

२०११ मध्ये क्विन्सी गारिओ आणि जेरी आफ्रिये हे पीटविरोधी कार्यकर्ते 'झ्वार्ते पीट म्हणजे वंशवाद' असं छापलेले टीशर्ट घालून डॉर्ड्रेख्तच्या मिरवणुकीत उभे राहिले, तर पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. २०१३ मध्ये पीटच्या बाजूने उघडलेल्या फेसबुक पानाला काही दिवसांत २० लाख लाइक मिळाले, पावणेदोन कोटींच्या आतल्या देशात! २०१७ मध्ये सिंटरक्लास ज्या गावात उतरणार होता त्या डोक्कुमला पीटविरोधी निदर्शकांच्या बस पोचू नयेत म्हणून लोकांनी चक्क हमरस्ता अडवला. तेव्हाचे डच पंतप्रधान रुट्टे २०१४ मध्ये म्हणाले होते की अँटिलीजमधले (कॅरिबियनमधल्या डच बेटांवरचे) माझे मित्र खूश असतात, त्यांना तोंड रंगवावं लागत नाही. त्याच रुट्टेंनी २०२०च्या जूनमध्ये संसदेत मत बदलल्याचं सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये फेसबुकने असे काळे रंगवलेले चेहरे आपल्या नियमांत बसत नाहीत असं ठरवलं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा म्हणजे 'मुलांचा आनंद हिरावू नका'. कुठल्या मुलांचा? काळ्या मुलांना त्या दिवसांत वर्गात 'पीट' म्हणून चिडवलं जातं, ती मुलंच नव्हेत का? आपल्यातल्या कितीतरी जणींनी लहानपणी 'काळी' हा शब्द टोमण्यासारखा ऐकलाय. त्याने पोटात कसा खड्डा पडतो हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

बऱ्याच गावांत आता पीटच्या गालावर काजळीचे दोनचार फराटे असतात, बस. माझ्या लेकीच्या शाळेत असेच पीट येतात. पोरं तशीच किंचाळतात, बिस्किटांसाठी तशीच जमिनीवर लोळण घेतात, आणि धुरांड्याची गोष्टही पहिल्यांदाच खरी वाटते.

आपल्या मंडळांतही मुलांसाठी सिंटरक्लास आणतात. यंदा जे कुणी पीट होणार असतील त्यांना आयोजकांनी आधीच स्पष्ट सांगावं: गालाला काजळी चालेल, काळा चेहरा, लाल ओठ, कुरळा टोप चालणार नाही. कुणी कुरकुर केलीच तर माझं नाव सांगा, मी बोलेन त्यांच्याशी.