डर्क नोविट्झकी 2011 मध्ये जिंकला तो 2007 मध्ये हरल्यामुळे

डर्क नोविट्झकी म्हणजे अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये डॅलसकडून खेळलेला जर्मन बास्केटबॉलपटू, 2011 ला टीमला विजेतेपद मिळवून देणारा. त्याचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. "सात फूट उंची, त्यात नेम चांगला, आणखी काय लागतं?" आणि "डॅलसकडून 21 सीझन खेळला, काय निष्ठा!" दुसरं खरं आहे. पहिलं अर्धवट.

उंची आणि नेम 2007 मध्येही होताच की. त्या सीझनला डॅलसने 67 मॅचेस जिंकल्या. डर्कची टक्केवारी फील्ड गोलला (खेळ चालू असताना मारलेले शॉट) 50.2, थ्री पॉइंटरला (लांबून, तीन पॉइंटचे) 41.6, फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) 90.4. आणि प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेट टीमने त्यांना 4-2 असं घरी बसवलं. शेवटच्या मॅचमध्ये डर्कचे 13 पैकी 2 शॉट पडले, पॉइंट फक्त 8. एमव्हीपीचा, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा, करंडक मिळाला तो या पराभवानंतर. यापेक्षा अवघडलेला सत्कार शोधून सापडणार नाही.

गोल्डन स्टेटचा कोच होता डॉन नेल्सन, म्हणजे ज्याच्या हाताखाली डर्क डॅलसमध्ये घडला तोच. घरभेदी म्हणा हवं तर. त्याला पक्कं माहीत होतं की डर्कला बाजूला, रिंगकडे तोंड करून बॉल हवा असतो आणि शॉटआधी एखाद-दोन ड्रिबल लागतात. म्हणून त्याने डर्कवर उंच सेंटर लावलेच नाहीत. स्टीफन जॅक्सनसारखे बुटके (म्हणजे डर्कपेक्षा बुटके!) पण चपळ खेळाडू त्याच्या कमरेला चिकटवले. सात फुटी माणसाचा ड्रिबल उंच उसळतो, तिथे खालून हात घालणं सोपं. ड्रिबल थांबवून दोन्ही पाय जुळवायला जो क्षण लागतो, तेवढ्यात दुसरा डिफेंडर पाठीमागून येतो. उंची तशीच होती, पण ती वापरायला वेळच मिळत नव्हता.

माझ्या मते 2011 चा डर्क हे या एका कोंडीचं उत्तर आहे. पुढे डॅलसचा कोच रिक कार्लाइलच्या काळात त्याला बॉल मिळायला लागला तो फ्री थ्रो लाइनच्या आसपास, कोर्टच्या मधोमध, बऱ्याचदा रिंगकडे पाठ करून. तिथे डबल टीम (एकाला अडवायला धावणारे दोन डिफेंडर) कुठूनही आली तरी दिसते आणि पास दोन्ही बाजूंना जातो. शिवाय त्याचा तो एका पायावरचा शॉट. आधीही मारायचा, पण आता तेच मुख्य हत्यार झालं. वळायचं, डाव्या पायावर उडायचं, उजवा गुडघा वर घ्यायचा, अंग मागे झुकवायचं आणि बॉल डोक्याच्याही वरून सोडायचा. दोन पाय जुळवायचा क्षणच गाळला. वर आलेला गुडघा डिफेंडरला लांब ठेवतो आणि मागे जाणाऱ्या अंगाचा तोलही सांभाळतो.

आता यामागचं गणित. त्याचा गुरू होल्गर गेश्विंडनर गणित-भौतिकशास्त्र शिकलेला, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेला. बॉलची कमान उंच हवी हा त्याचा आग्रह, आणि का ते कागदावर सहज दिसतं. रिंगचा आतला व्यास साधारण 45 सेंटीमीटर, बॉलचा 24. बॉल 30 अंशांत खाली आला तर त्याच्या वाटेत रिंगचं तोंड उरतं साडेबावीस सेंटीमीटर, म्हणजे कडेला न लागता तो मावणारच नाही. 45 अंशांत जवळपास 32, 60 अंशांत 39. अर्थात फुकट काही मिळत नाही. कमान जितकी उंच तितका जोर जास्त, आणि तो पायातून यावा लागतो. पाय थकले की बॉल आखूड पडतो.

कोर्टवर पोरं हा शॉट मारताना दिसतात तेव्हा बहुतेकांचा घोटाळा एकच असतो: उडी मागे मारतात. उडी वरच हवी, झुकाव थोडासा. सगळा जोर मागे गेला की बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. मग तो भरून काढायला हात झटकतात, कोपर बाहेर जातं आणि नेमही जातो. आधी दोन मीटरवरून एका हाताने शॉट बसवा, मग दोन पायांवर वळून, मग डिफेंडर नसताना तीन मीटरवरून एका पायावर. थ्री पॉइंट लाइनवरून सुरुवात करणाऱ्यांना नमस्कार.

2011 च्या प्लेऑफमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या मॅचमध्ये डर्कचे 48 पॉइंट होते: 15 पैकी 12 शॉट आणि 24 पैकी 24 फ्री थ्रो. ते 24 मला जास्त बोलके वाटतात. शॉट अडवता येत नाही, मग हात लागतो, फाउल होतो.

फायनलला समोर मायामी, ज्यांनी 2006 च्या फायनलमध्ये 0-2 वरून डॅलसला हरवलं होतं. डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन फाटलेला, चौथ्या मॅचला अंगात ताप. सहाव्या मॅचच्या पहिल्या हाफमध्ये 12 पैकी 1. आकडा 2007 पेक्षाही वाईट! पण या वेळी त्याला हव्या त्या जागी बॉल मिळत होता, शॉट सुटत होता, फक्त पडत नव्हता. सहकारी जेसन टेरीने तोवर टीम सांभाळली. दुसऱ्या हाफमध्ये डर्क तेच शॉट मारत राहिला: 15 पैकी 8, एकूण 21 पॉइंट. डॅलस 105, मायामी 95.