डोंगरगावचा डायनासोर आमच्या ओसरीवर

दिवाळीच्या सुट्टीपासून आमच्या ओसरीवर दर रविवारी डायनासोरची शिकार निघते. मी, माझा मुलगा, भाची आणि गल्लीतले तीन-चार पोट्टे. तुराटीचे तुकडे मातीच्या गोळ्यांत रोवले की जंगल झालं, जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी म्हणजे नदी. लुडोचे फासे आणि शिंप्याची टेप, एवढंच सामान. परदेशात हा छंद मोठी माणसंही करतात. तिथे साधारण 28 मिलिमीटर उंचीच्या रंगवलेल्या बाहुल्या वापरतात. त्या मापात सगळं जवळपास 60 पट लहान होतं, म्हणजे 15 मीटरचा प्राणी वीतभराहून जरासा मोठा.

या खेळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जनावराच्या बाजूने कोणीच खेळत नाही. त्याचं काय करायचं ते फासा ठरवतो. आमचा नियम असा: बार झाला की जवळच्या प्रत्येक जनावरासाठी फासा टाकायचा. 1-2 पडले तर ते चरत राहतं, 3-4 ला पळून जातं, 5-6 ला अंगावर येतं. शिकाऱ्यांजवळ भरमार बंदुका आहेत, त्यामुळे एक बार काढला की पुढची अख्खी पाळी बारूद ठासण्यात जाते. मागच्या रविवारी भाचीने आठ इंचावरून बार काढला. नेम चुकला. जनावरासाठी फासा टाकला, सहा. त्याची धाव दहा इंच. ती टेप धरून तशीच बसून राहिली आणि हळूच म्हणाली, "मामा, ते येऊन राहिलं ना." बाकीच्या पोरांनी श्वास रोखला होता. फोनवरच्या खेळात असा क्षण मी कधी पाहिला नाही. तिथे बोट दाबलं की जनावर पडतं, अन् लगेच दुसरं उभं राहतं.

गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं मला विचारलं, "लेकरायले मारणं शिकवून राहिला का बाबू?" त्यांचा प्रश्न मला मनापासून पटतो. आपल्या भागात वाघानं माणूस नेल्याच्या बातम्या येतात, जनावर आणि माणूस हा इथं खेळाचा विषय नाही. पण म्हणूनच मला शिकार ठेवायची आहे. ज्यानं हरभऱ्याची जागल केली त्याला माहीत आहे, रात्री धुऱ्यावर काही खसफसलं की आधी कान लागतात, मग वारा कुठून आहे ते बघतो, आणि ते कोणत्या अंगानं निघेल याचा अंदाज घेतो. पोरं आता तेच करतात. बार काढण्याआधी पळायला वाट आहे का ते मोजतात. जनावराला त्याचं स्वतःचं मन असतं हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. शिकार साधलेले रविवार बोटांवर मोजता येतील.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बाजारातून आणलेला प्रत्येक प्लास्टिकचा डायनासोर टी-रेक्सच असतो. तो उत्तर अमेरिकेतला. आणि आपल्या वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावात सापडलेला, लांब मानेच्या डायनासोरांच्या कुळातला आयसीसॉरस? शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन 1997 मध्ये केलं, आणि 2003 मध्ये त्याला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून आजचं नाव मिळालं. जवळच पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. 2005 मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले, भात आणि बांबूच्या नातलगांचे. त्याआधी डायनासोरांच्या काळात गवत असल्याचा असा पुरावा नव्हता. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा भाचीने उठून कोठ्यातून धानाची तणस आणली आणि नदीकाठी पसरली. तेव्हापासून आमचं जनावर तिथंच चरायला येतं, आणि शिकारी तणशीत दबा धरतात.

माणूस आणि डायनासोर यांची कधी गाठ पडली नाही, मध्ये सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं आहेत, हे मी प्रत्येक डावाआधी सांगतो. पोरं मान हलवतात आणि बंदुका मांडायला लागतात.

आमचा आयसीसॉरस पोळ्याच्या बैलाच्या मातीचाच आहे. मातीत कापूस बारीक कुटून घातला की वाळताना तडा जात नाही, हे मला मूर्ती घडवणाऱ्या कुंभारदादांनी सांगितलं. मान मात्र दोनदा तुटली. तिसऱ्यांदा आत तार घातली, तेव्हा टिकली.

यंदा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी मोठा डाव मांडायचा आहे. लाकडी बैल मिरवून झाले की पोरांनी आपापल्या हातानं केलेलं एक जनावर घेऊन यावं. आपल्या मातीतलं असलं तर आधी पाळी त्याची. गुजरातेत सापडलेला मांसाहारी डायनासोर राजासॉरस कोणी करणार असेल तर आधी कळवा, त्याची धाव किती इंच ठेवायची ते आपण मिळून ठरवू.