मामा फानला दुसरा नंबर का मिळाला?

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'बिंग बु येन जा', म्हणजे युद्धात कपटाचा वीट येत नाही, हे प्राचीन चिनी युद्धशास्त्रकार सुन त्झूचं वचन; फसवणूक चिन्यांच्या रक्तातच आहे, त्यांच्या कुठल्याच शब्दावर विसंबू नका; आपण मात्र धर्मयुद्धवाले.

आधी सुन त्झू. युद्ध हा कपटाचा मार्ग, असं तो पहिल्याच प्रकरणात म्हणतो खरा, पण ही म्हण त्याची नाही. तिचं मूळ इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या हान फेई या चिनी विचारवंताच्या ग्रंथात सापडतं.

तिथली गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेली दिसत नाही. इ.स.पू. 632, चंगपूची लढाई. चू राज्याचं सैन्य मोठं, म्हणून जिन राज्याचा वन नावाचा अधिपती सल्ला विचारतो. मामा फान (सख्खा मामाच, शकुनी आठवला ना?) सांगतो, रणात कपटाला ना नाही. दुसरा सल्लागार युंग जी म्हणतो, जंगल पेटवून शिकार केलीत तर आज भरपूर मिळेल, पुढे जनावरच उरणार नाही. लोकांना फसवलंत तर तेही एकदाच साधेल. वनने ऐकलं मामाचं, लढाई जिंकली, आणि बक्षिसं वाटताना पहिला मान युंग जीला दिला! मामाचा सल्ला वेळेपुरता, युंग जीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा, असं त्याने कारण दिलं.

हान फेईला हा न्याय पटला नाही. पण तोही बजावतो की मामाने शत्रूला फसवायला सांगितलं होतं, आपल्या प्रजेला नव्हे. म्हणजे 'कुठल्याच शब्दावर' हे मेसेजवाल्याने पदरचं घातलं.

याच लढाईत जिनच्या घोड्यांवर वाघाची कातडी घातली होती, रथांना फांद्या बांधून पळाल्यासारखी धूळ उडवली होती. तरी लढाईआधी वन तीन दिवसांच्या मजलेइतका मागे हटला होता, कारण परागंदा असताना चूच्या राजाला त्याने तसा शब्द दिला होता.

रक्ताचं म्हणाल, तर सहाच वर्षं आधी सुंग या दुसऱ्या चिनी राज्याचा अधिपती शियांग याच चूशी लढला. शत्रू नदी ओलांडून रांगा लावेपर्यंत थांबला, हरला, मांडीला जखम झाली, दुसऱ्या वर्षी मेला.

आणि आपलं धर्मयुद्ध? द्रोणाचार्यांना विचारा. अश्वत्थामा मेला, हे त्यांनी धर्मराजाच्याच तोंडून ऐकलं होतं; 'नरो वा कुंजरो वा' तेवढं ऐकू आलं नाही.