'तटस्थ' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : पीठ कोणाचे आणि रेघोट्या कोणाच्या

'तटस्थ' यांस,

माजी जर्मन फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक माथियास सामरच्या कारकिर्दीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. नावाचा उच्चार 'सामर' नसून 'झामर' आहे; श्टुटगार्ट क्लबचा प्रशिक्षक म्हणून त्याचे फसलेले वर्ष मी एका ओळीत उरकले; तो क्रीडा संचालक असताना बायर्न म्युनिक क्लबने २०१३ मध्ये मिळवलेल्या तिहेरी यशाचे (लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग) श्रेय प्रशिक्षक हाइन्केसचे आहे; आणि जर्मन फुटबॉल महासंघाचा क्रीडा संचालक या नात्याने 'त्याने आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, तेव्हा लेखकाने आपला भक्तिभाव आवरावा!'

उच्चाराबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. जर्मनमध्ये स्वरापूर्वी येणारा 'स' आपल्या 'झाडा'तल्या 'झ'कडे झुकतो. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि येथून पुढे मीही 'झामर' असेच लिहीन. चूक दाखवल्याबद्दल आभार. अर्थात, प्रतिक्रियेच्या शेवटी ते उद्गारचिन्ह नसते तरी दुरुस्ती झालीच असती.

आता त्या पिठाकडे वळतो. पीठ आधीच दळलेले होते हे मी नाकारलेले नाही. लेखाच्या चौथ्या परिच्छेदात तसे स्पष्ट लिहिले आहे, पण तिथपर्यंत वाचण्याइतका वेळ आपल्याला मिळाला नसावा. २००० च्या युरो स्पर्धेत जर्मनी एकही सामना न जिंकता गटात तळाला राहिली, त्यानंतर बुंडेसलिगा या जर्मन व्यावसायिक लीगच्या क्लबांना युवा प्रबोधिनी चालवणे सक्तीचे झाले आणि देशभरात साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रे उघडली गेली. झामर महासंघात आला तो २००६ मध्ये. म्हणजे यंत्रणा त्याच्या आधीची, हा आपला शोध नव्हे.

परंतु हा वाक्प्रचार आपण मराठीत कोणासाठी वापरतो? ज्याला सगळे हातात मिळाले आणि ज्याने स्वतःची अक्कल वा हिंमत पणाला लावली नाही, त्याच्यासाठी. झामरला ती खुर्ची तरी आयती मिळाली होती का? राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक क्लिन्समन याला त्या जागी हॉकीचे प्रशिक्षक बर्नहार्ड पीटर्स हवे होते, ज्यांच्या हाताखाली जर्मनीने २००२ मध्ये हॉकीचा विश्वचषक जिंकला होता. महासंघाने झामरला निवडले, तेव्हा पहिल्या दिवसापासून तो नकोसा पाहुणा होता.

आणि आइल्ट्सचे प्रकरण? डीटर आइल्ट्स हा १९९६ ची युरो स्पर्धा जिंकणाऱ्या संघातला झामरचा सहकारी. झामर बचावातून चेंडू घेऊन पुढे धावत सुटला की मागची मोकळी जागा राखणारा, कोणाच्या डोळ्यांत न भरणारा खेळाडू. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली २१ वर्षांखालील जर्मन संघाने फ्रान्सला मागे टाकून युरो स्पर्धेची पात्रता मिळवली, आणि पुढच्याच महिन्यात त्याला पदावरून दूर करण्यात आले, कारण खेळाडू कसे घडवावेत याबद्दल त्याचे आणि झामरचे जुळत नव्हते. आयत्या पिठावर बसलेला माणूस पात्र ठरलेल्या संघाचा प्रशिक्षक, तोही आपला जुना सोबती, बदलण्याची जोखीम घेत नाही. तो गप्प बसतो आणि छायाचित्रासाठी उभा राहतो. होर्स्ट ह्रुबेशकडे संघ सोपवला गेला आणि २००९ च्या जूनमध्ये माल्मो येथे अंतिम सामन्यात त्यांनी इंग्लंडला ४-० असे हरवले. नॉयर, बोआटेंग, हुमेल्स, ह्योवेडेस, खेदिरा आणि ओझिल हे त्या संघातले सहा जण पाच वर्षांनी विश्वविजेते झाले. (मग ह्रुबेशनेच आइल्ट्सच्या पिठावर रेघोट्या ओढल्या, असे आपण म्हणाल. म्हणा. पण मग जगातला प्रत्येक प्रशिक्षक त्याच पंगतीत बसवावा लागेल.)

हा वाक्प्रचार मला इतका का झोंबला, तेही सांगून टाकतो. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांच्या लढती पाहत वाढलो, बचावफळीत खेळलो आणि पंचविसाव्या वर्षी गुडघ्याने साथ सोडली. त्यामुळे तिशीतच गुडघ्यातल्या संसर्गाने ज्याचा खेळ संपला त्या झामरबद्दल मला ओलावा आहे, हे मी लपवत नाही. पुढे दुसऱ्या एका प्रशिक्षकाने घडवलेला चौदा वर्षांखालील मुलांचा संघ माझ्याकडे आला. मी त्यांचा कर्णधार बदलला, डाव्या बाजूच्या एका बुटक्या मुलाला बचावाच्या मधोमध आणले, आणि जुन्या कर्णधाराच्या वडिलांनी माझ्याशी बोलणे सोडले. त्या मोसमात आम्ही करंडक जिंकला. बक्षीस समारंभाच्या मंडपात एका पदाधिकाऱ्याने माझ्या हातात चहाचा कप दिला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात हेच चार शब्द उच्चारले. मंडळी हसली. मीही हसलो, आणि तो कप न पिता खुर्चीखाली ठेवला. आपण कधी दुसऱ्याने बांधलेला संघ हाती घेतला आहे काय? घेतला असता, तर असे वाक्य इतक्या सहज लिहिले नसते.

आणखी एक. 'आयते' हा शब्द ज्याला आपण चिकटवता, त्याचा देशच तेविसाव्या वर्षी त्याच्या पायाखालून गेला. १२ सप्टेंबर १९९० रोजी ब्रुसेल्समध्ये पूर्व जर्मनीचा शेवटचा सामना झाला. बहुतेकांनी पाठ फिरवल्याने जेमतेम चौदा खेळाडू गोळा झाले होते. कर्णधार झामरने दोन्ही गोल केले आणि बेल्जियम २-० असे हरले. (ड्रेस्डेनच्या ज्या क्लबात तो घडला, त्याच क्लबाचे त्याचे वडील क्लाउस हे खेळाडू आणि प्रशिक्षक होते, हे आपण लिहिण्याआधी मीच लिहून ठेवतो.)

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण दिसत नाही. श्टुटगार्टमध्ये संघ लीगमध्ये पाचवा आला आणि त्याला जावे लागले. एका ओळीची गोष्ट मी एका ओळीत सांगितली. हाइन्केसचे श्रेय मी कोठेही हिरावलेले नाही. आणि भक्तिभावाचे म्हणाल, तर इंटर मिलानला जाऊन तो सहा महिन्यांत परत आला, हे त्याच लेखात आहे. भक्त असल्या गोष्टी गाळतात.

आपण पुन्हा लिहावे. आइल्ट्सबद्दल आपले काय म्हणणे आहे ते वाचायला मला खरोखर आवडेल. उद्गारचिन्ह मात्र घरी ठेवून यावे.