खुलासा: एअर कूलरमुळे गेमिंग पीसीचा प्रोसेसर जळत नाही

‘गेमिंग पीसीला वॉटर कूलिंगच हवं, एअर कूलर लावला तर प्रोसेसर जळतो’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. (इथे एअर कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला, पंख्याच्या हवेने त्याला थंड ठेवणारा भाग; खोलीतला कूलर नव्हे.)

तापमानाची मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद होतं. गेमिंगसाठी गाजलेल्या एएमडी कंपनीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरची ही मर्यादा ८९ अंश सेल्सिअस आणि टीडीपी (कूलरने बाहेर काढायच्या उष्णतेचा ढोबळ आकडा) १२० वॅट, असं एएमडीच्याच माहितीत दिलेलं आहे. एवढी उष्णता चांगला टॉवर एअर कूलर सहज हाताळतो.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या धातूच्या जाळीपर्यंत नेतं. तिथून ती पंख्यांनीच खोलीत जाते. शिवाय गेम खेळताना बहुधा जास्त तापतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि प्रोसेसरवरचा वॉटर कूलर त्याला हातही लावत नाही!

२५० वॅटच्या आसपास वीज खाणारा प्रोसेसर तासन्‌तास रेंडरिंगला (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्रं तयार करण्याच्या कामाला) जुंपायचा असेल, तर मोठ्या रेडिएटरचा वॉटर कूलर जरूर घ्या. निव्वळ गेमिंगला मी एअर कूलरच सुचवेन: पंप नाही, गळती नाही, पंखा बिघडला तर तेवढाच बदलायचा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.